सुजाताची भाकरी

सातव्या महिन्यात असलेल्या माझ्या बायकोची भाकरी मी बंद केली.

मला कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरनं नाही, आईनं नाही, बायकोनं तर नाहीच नाही. माझ्या डोक्यातून निघालं आणि त्याच दिवशी मी ते अमलात आणलं. उभ्या नोकरीत एवढ्या तातडीनं मी दुसरं काहीही अमलात आणलेलं नाही.

लिहायचं कारण एवढंच, की माझ्यासारखे हुशार नवरे आपल्या भागात लई आहेत. मोबाइलवर चार गोष्टी वाचतात आणि घरातल्या बाईवर प्रयोग सुरू करतात. त्यातल्या एखाद्यानं हे वाचून हात आखडला तरी माझी झालेली फजिती कारणी लागली म्हणायची. फजिती हा शब्द मी आता वापरतोय. तेव्हा ती फजिती नव्हती. तेव्हा मला वाटलं होतं की बायको नि बाळ दोघंही जातात.

टंचाई म्हणजे मी

मी शिरूर अनंतपाळच्या तहसीलमध्ये कारकून आहे. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्याची ही गोष्ट. माझ्याकडं टंचाईचं टेबल होतं. कोणत्या गावाला टँकरच्या किती खेपा, त्या पोचल्या का, नाही पोचल्या तर का नाही, हे सगळं माझ्या माथ्यावर. लोक मला नावानं हाक मारीनासे झाले होते. "ओ टंचाई, आमची खेप कुठाय?" अशी हाक बाजारात आली की मी मान वळवायचो. सवयच झाली होती.

ऑफिसात त्या वर्षी दोनच विषय: टँकर आणि नवा जिल्हा. उदगीर जिल्हा होणार, आपला तालुका तिकडं जाणार, नव्या कचेरीत नवी टेबलं निघणार. दर आठवड्याला कुणीतरी छातीठोक बातमी आणायचं आणि पुढच्या आठवड्यात तोच माणूस ती खोटी होती म्हणून सांगायचा. माझा डोळा पुरवठा शाखेवर होता. पुरवठा म्हणजे रेशनचं धान्य. टंचाईत बसून शिव्या खाण्यापेक्षा पुरवठ्यात बसून नमस्कार घ्यावेत, असा माझा साधा विचार.

तिसरा विषय माझा एकट्याचा होता: माझं वजन. चौऱ्याण्णव किलो होतं. एका मित्रानं मला व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात घातलं. ग्रुपचं नाव 'भाकरीमुक्त मराठवाडा'. भाकरी, पोळी, भात, साखर सगळं बंद. अंडी, पनीर, मटण, लोणी चालू. अकरा महिन्यांत माझं चौदा किलो उतरलं. ते उतरल्याचं काही नाही, पण चौदा किलो उतरलेला माणूस फार धोकादायक असतो. त्याला वाटतं, आपल्याला आता सगळं कळतं.

ग्रुपात एक पट्टीचं वेड होतं. मेडिकलमध्ये छोट्या पट्ट्यांची डबी मिळते. पट्टी लघवीत बुडवायची. रंग बदलून जांभळा झाला म्हणजे लघवीत कीटोन आले. कीटोन आले म्हणजे अंगातली चरबी जळून राहिली. पट्टीचा फोटो ग्रुपात टाकायचा, मग टाळ्यांचा पाऊस. माझी पट्टी कधी गुलाबीच्या पुढं गेली नाही. जांभळ्या पट्टीवाल्यांकडं मी शाळेत पहिल्या आलेल्या पोरांकडं पाहावं तसं पाहायचो.

ज्या दिवशी कळलं

सहावा संपत आला तेव्हा सुजाताला तपासणीला लातूरला नेलं. गोड पाणी प्यायला दिलं, दोन तास बसवलं, रक्त घेतलं. डॉक्टर मॅडम कागद बघून म्हणाल्या, "साखर थोडी जास्त आहे. गरोदरपणात होतो तो मधुमेह. घाबरायचं नाही."

'घाबरायचं नाही' हे ऐकलं की आपण घाबरायला सुरुवात करतो. सुजातानं टेबलाची कड धरली. आमचं हे पहिलंच. त्याच्या आधी एक दुसऱ्या महिन्यातच गेलं होतं, त्याबद्दल आम्ही घरात बोलत नसू.

"बाळाला काय व्हतंय का?" तिनं विचारलं.

"सांभाळलं तर काही होत नाही," मॅडम म्हणाल्या आणि कागदावर लिहून दिलं. साखर, गूळ बंद. भात कमी. भाकरी दोन्ही वेळा एक-एक. मधल्या वेळेला थोडं थोडं खाणे. उपाशी राहू नये. आहारतज्ज्ञांना भेटून जाणे.

'उपाशी राहू नये' याच्याखाली त्यांनी रेघ मारली होती. ती रेघ मी पाहिली होती, हे मुद्दाम सांगतो. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की बिचाऱ्याला सांगितलंच नव्हतं.

आहारतज्ज्ञ बाई शेजारच्या इमारतीत होत्या आणि नेमक्या जेवायला गेल्या होत्या. मी सुजाताला म्हटलं, "थांबायचं कशाला? त्या जे सांगणार ते मला माहितीय."

आता आमच्या सरकारी कामाची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. वरून आदेश येतो: पाणी काटकसरीनं वापरा. जिल्ह्याला पोचेपर्यंत त्याची 'कपात' होते. आणि माझ्या टेबलावर येईपर्यंत 'बंद'. कारण कमी करायचं म्हटलं की किती कमी ते ठरवावं लागतं, आणि ठरवलं की चुकायची भीती. बंद केलं की कुणी चूक काढत नाही. वीस वर्षं हेच करत आलेला माणूस बायकोच्या कागदावर 'कमी' वाचून दुसरं काय करणार?

घरी आलो आणि ज्वारीच्या पिठाचा डबा माळ्यावर टाकला.

अंडं आणि काकडी

सुजाता भांडली नाही. पहिलं गेलेलं पोर तिच्या मनात होतं. बाळासाठी म्हटलं की ती विष प्याली असती. मी तिला सांगितलं की भाकरीचं पोटात गेल्यावर साखरच होते, आणि साखर बाळाला वाईट. हे ऐकून तिनं स्वतःहून ताटातली भाकरी बाजूला सारली. त्या क्षणी मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला!

पण दुष्काळात माझ्या ग्रुपातलं ते लोणी-पनीर आणायचं कुठून? बाजारात भाजीला हात लावायची सोय नव्हती. गावातली जनावरं चारा छावणीला गेलेली, दूध कमी. म्हणजे तिच्या ताटात राहिलं काय, तर सकाळी दोन अंडी, दुपारी काकडी नि शेंगदाणे, संध्याकाळी पुन्हा अंडं. आठवड्यातून एकदा मटण. मी त्याला आहार म्हणत होतो. कुणाही शहाण्या माणसानं त्याला उपासमार म्हटलं असतं.

आणि रोज सकाळी पट्टी. तिची पट्टी फिकीच यायची. मला कळेना. एवढं कडक पथ्य, आणि पट्टी नापास! मी तिला विचारायचो, "चोरून काही खात नाहीस ना?"

"कुठून खाऊ? डबा तर तुम्ही वर टाकलाय," ती म्हणायची.

एक गोष्ट मात्र मला नवलाची वाटायची. आमच्या गल्लीत सकाळी टँकर यायचा. सातव्या महिन्यातली बाई, पण टँकरचा भोंगा वाजला की ही सगळ्यांच्या आधी कळशी घेऊन बाहेर. "मी जाते, मी जाते," म्हणत. परत यायची तेव्हा चेहऱ्यावर तरतरी. मी ग्रुपात लिहिलं, 'धान्य बंद केल्यापासून सौ. चा उत्साह वाढला.' टाळ्या पडल्या.

आदर्श नवरा

मग ऑफिसात एकजण म्हणाला, "अरे, दिवस गेलेल्या बाईला पाणी भरायला लावतोस? लाज हाय का?"

मला लाज वाटली. वाटायला नको तिथं ती नेमकी वाटली. दुसऱ्या दिवसापासून मी सुजाताच्या हातातली कळशी घेतली आणि म्हटलं, "आजपासून पाणी मी भरणार. तू बस."

तिचा चेहरा पडला. मला वाटलं, नवऱ्याच्या प्रेमानं गहिवरली.

रांगेत सगळ्या बायाच. मी गेलो की गप्प व्हायच्या. मला वाटलं, सरकारी माणूस म्हणून मान देताहेत. रांगेत आमच्या शेजारच्या हमीदाखाला असायच्या. साठीच्या, दिवसभर बाजारात शिलाईकामाला बसणाऱ्या, तोंडानं फटकळ. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. माझ्याशी त्यांचं मराठी नि दखनी मिसळून चालायचं.

"सुजाता कुठं हाय रे?"

"आराम करून राहिली, खाला."

खालानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पदराखालून एक कापडी पुडकं काढून माझ्या हातात दिलं. "ये ले. घरी दे तिला. उघडू नको."

असं तीन दिवस झालं. त्या पुडक्याचं काय झालं ते मी पुढं सांगणार आहे. इथं सांगायची माझी हिंमत नाही.

चौथ्या दिवशी सुजाताची पट्टी जांभळी झाली. गर्द जांभळी, पिकल्या जांभळासारखी. मी टाळी वाजवली. खरंच वाजवली, मोरीच्या दारात उभं राहून. पट्टीचा फोटो ग्रुपात टाकला. एका मिनिटात उत्तर: 'अभिनंदन वहिनी!' मग टाळ्या, फुलं, एकानं तर बाबासाहेबांच्या फोटोसह जयभीम घातला. आमच्या घरात कुणाला नोकरी लागली तेव्हाही एवढ्या शुभेच्छा आल्या नव्हत्या.

सुजाता म्हणाली, "मला मळमळून राहिलंय ओ."

ग्रुपात विचारलं. उत्तर आलं: शरीर सवय करून घेतंय, मीठ-पाणी द्या. मी मीठ-पाणी दिलं. तिनं ते ओकलं. पुढचा दिवसभर जे पोटात जाईल ते बाहेर. मी म्हटलं, टँकरच्या पाण्यानं असेल.

काळीपिवळी

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठेना. श्वास जोरजोरात घेत होती, खोल, धावून आल्यासारखा. पण ती कुठं धावली होती? तिच्या तोंडाला एक गोडूस वास येत होता, सडायला आलेल्या पेरूसारखा. मी "सुजाता, सुजाता" म्हणत राहिलो. तिनं डोळे उघडले, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "टँकर आला का?"



मी ओरडलो असेन, कारण हमीदाखाला भिंतीपलीकडून तशाच आल्या, चपलाही न घालता. त्यांनी सुजाताच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "गाडी बोलाव. अब्बी."

गल्लीतल्या एकाची काळीपिवळी जीप होती. मागच्या सीटवर खालाच्या मांडीवर सुजाताचं डोकं, मी पुढं. लातूर तासाभराचं, पण तो तास संपायलाच तयार नव्हता. दोन्ही बाजूला कोरडी रानं. समोरून एकामागून एक टँकर येत होते, आणि प्रत्येकाला वाट द्यायला आमची जीप रस्त्याच्या खाली उतरत होती. त्यातले निम्मे टँकर माझ्याच सहीनं निघालेले. मागून फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. तो ऐकू येत होता तोवर बरं होतं. एका ठिकाणी तो ऐकू आला नाही म्हणून मी मागं वळलो, तर जीपनं हॉर्न दिला होता एवढंच.

मी देवाला मानत नाही. आमच्यात ते शिकवलेलं नाही. पण माणसाला घाबरल्यावर कुणाला तरी हाक मारावीशी वाटते. मी मनातल्या मनात बाळालाच म्हणत होतो, 'थांब. एवढ्यात जाऊ नकोस. तू थांब.'

फोन

त्याच मॅडम होत्या. सुजाताला आत घेतलं, पडदा ओढला. पाच मिनिटांत बाहेर येऊन मॅडमनी विचारलं, "उलट्या कधीपासून? काय खाल्लं होतं?"

"साधंच जेवण," मी म्हणालो.

लिहिताना बोट अडखळतंय, पण मी असंच म्हणालो. वर म्हणालो, "टँकरचं पाणी बाधलं असेल." टंचाईचा कारकून असून टँकरवर ढकललं.

"साखर तर नॉर्मल आहे," मॅडम स्वतःशीच म्हणाल्या. "मग एवढा श्वास का?" त्या परत आत गेल्या. आत कुणीतरी बाळाचे ठोके शोधत होतं. पडद्याच्या आडून मशिनचा खरखराट येत होता, नुसता खरखराट, ठोका नाही. मी मोजायला लागलो. साठपर्यंत मोजले, काही नाही. पुन्हा एकपासून.

हमीदाखालानं माझ्या दंडाला धरून मला पडद्याकडं वळवलं. "सांग. खरं सांग. न्हाईतर मी सांगते."

मी पडद्याकडं बघत उभा राहिलो. मग खालानंच पडदा बाजूला केला. "डाक्टरीणबाई, हा तिला भाकर देत न्हाई. पंधरा दिसापासून. मी चोरून देत होते रांगेत. मग हाच पाण्याला यायला लागला."

मॅडम माझ्याकडं वळल्या. मी खिशातून फोन काढला आणि पट्टीचा फोटो उघडून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी फोन हातात घेतला. फोटो पाहिला. मग बोटानं खाली सरकवलं आणि वाचलं. 'अभिनंदन वहिनी.' टाळ्या. फुलं.

त्यांनी फोन मला परत दिला आणि आत जाऊन भराभर सांगायला लागल्या. सुया, बाटल्या, रक्ताची आणखी एक तपासणी. एवढंच माझ्या कानावर आलं: "उपासमारीनं रक्तात आम्ल झालंय."

आणि तेवढ्यात मशिनमधून ठोका आला. दुडूदुडू, दुडूदुडू. खूप जोरात पळणारा, पण होता. खाला भिंतीला टेकून खाली बसल्या.

पुडकं

सुजाताला बाटली लावली. मी बाटलीवरचं नाव वाचलं आणि सिस्टरला म्हणालो, "ओ सिस्टर, हे तर ग्लुकोज आहे. तिला साखरेचा आजार आहे."

एवढं सगळं होऊनही मी हे बोललो. सिस्टरनं माझ्याकडं न बघता म्हटलं, "तुम्ही बाहेर बसा."

बाहेर बाकड्यावर खालानं विचारलं, "एक गोष्ट सांग मला. मी रोज पुडक्यात भाकर देत होते ना तुझ्याजवळ? ती तरी खात होती ना ती?"

आता सांगतो.

पहिल्या दिवशी मी शाळेच्या भिंतीआड ते पुडकं उघडलं होतं. फक्त बघावं म्हणून. आत ज्वारीची भाकरी, अजून ऊन लागणारी, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. अकरा महिने मी भाकरी शिवलो नव्हतो. मला कळलं की हे सुजातासाठी आहे, कळलं की ही चोरी रोज चालू होती, आणि राग यायच्या आधी हात भाकरीला लागला होता. तिथं उभ्या उभ्या मी ती संपवली. तोंड पुसलं. घरी जाऊन सुजाताला अंडं उकडून दिलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. त्या घासाच्या वाटेकडं डोळे लावून ती घरात बसलेली, आणि मी तो घास भिंतीआड गिळत होतो.

मी खालासमोर नकळत तोंड पुसलं. त्यांना कळलं. माझ्या तोंडाकडं पाहून त्या उठल्या आणि बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या.

"खाला, तिला सांगू नका," मी म्हणालो.

"मी नाही सांगत," त्या म्हणाल्या. "तू सांगशील."

चार दिवस

दवाखान्यात चार दिवस होतो. पहिले दोन दिवस मॅडम दर थोड्या वेळानं येऊन रक्त बघून जायच्या. त्या गेल्या की मी दाराशी जाऊन सुजाताचा श्वास ऐकायचो. दवाखान्यालाही पाणी पुरत नव्हतं. नातेवाइकांनी आपलं पाणी आणायचं, असं सांगितलं होतं. मी रोज कॅन घेऊन खालच्या टँकरच्या रांगेत उभा राहायचो. तिथं मला कुणी 'ओ टंचाई' म्हणत नव्हतं. माझ्यापुढच्या माणसाची बायकोही वर होती, माझ्यामागच्याचीही. एकमेकांना काही विचारत नव्हतो. फक्त कुणाची कॅन भरली की पुढचा ती उचलून द्यायचा.

दिवसातून तीनदा बाळाचे ठोके बघायचे. ठोके सापडायला जो वेळ लागतो, अर्धं मिनिट असेल नसेल, त्याची भीती मी आजही अंगावर घेऊन फिरतो. शांत खोलीत बसलो की तो खरखराट ऐकू येतो.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी मला समोर बसवलं. मला वाटलं, आता झापणार. झापलं नाही, ते जास्त लागलं. म्हणाल्या, "तुमच्या पोटात धान्य गेलं नाही तर शरीर चरबीवर चालतं. तुम्हाला ते झेपत असेल. पण गरोदर बाईचं वेगळं असतं. आत बाळ सतत साखर ओढून घेतं. ती उपाशी राहिली, वर उलट्या झाल्या, की फार लवकर रक्त बिघडतं. साखर नॉर्मल दिसते आणि आपण गाफील राहतो. मी भाकरी कमी सांगितली होती ना?"

"हो."

"कमी म्हणजे बंद नव्हे."

"बाळाला...?" मी विचारलं.

"आत्ता ठोके चांगले आहेत," त्या म्हणाल्या. 'आत्ता' या शब्दावर मी पुढचे दोन महिने काढले.

त्या दिवशी आहारतज्ज्ञ बाईंना भेटलो. त्या जेवायला गेल्या होत्या. मी त्या येईपर्यंत थांबलो. त्यांनी सुजाताला काय सांगितलं? दोन्ही वेळेला एक भाकरी, सोबत डाळ, अंडं, मिळेल ती भाजी, मधे मूठभर फुटाणे. एवढंच! एवढ्यासाठी मी तिला मरणाच्या दारात नेलं होतं.

सुजातानं पहिली भाकरी खाल्ली तेव्हा मी खोलीत होतो. खालानं घरून आणली होती, माझ्या हातात न देता सरळ सुजाताच्या. सुजातानं तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि हळूहळू चावत राहिली. मग म्हणाली, "खाला, माझं रांगेत येणं बंद झालं तशी तुमची भाकरही बंद झाली, मला वाटलं तुम्ही रागावलात."

खालानं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीतून बाहेर पाहत होतो.

उमरी

मॅडमनी सांगितलं, पाण्याची सोय असेल तिथं बाळंतपण करा. सुजाताचं माहेर उमरीचं, नांदेडजवळ. तिला तिकडं पोचवलं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. भिंतीवर बुद्ध-बाबासाहेबांचे फोटो, त्यांच्याखाली मी आरोपीसारखा मांडी घालून. सासूबाई शिकलेल्या नाहीत, पण त्यांच्यापुढं वकील उभा राहायचा नाही.

"जावईबापू, छप्पन साली आपल्या मानसांनी उपास-तापास सोडले. माझ्या सासूनं चतुर्थी सोडली, एकादशी सोडली. म्या त्या घरात कधी उपास पाहिला न्हाई. आन तुम्ही शिकलेले, सरकारी नोकरीतले, तुम्ही परत उपास आणला? त्यो बी पोटुशीला?"

"चुकलं, मामी."

"आन नाव काय तिचं? सुजाता. उपाशी बुद्धाला खीर देणारीचं नाव ठेवलं व्हतं म्या."

पुढं दर शनिवार-रविवार मी उमरीला जायचो. तिची साखर तपासायची, ठोके ऐकायचे. वैशाख पौर्णिमेला सासूबाईंनी खीर केली. सुजातानं आहाराचा कागद काढून पाहिला आणि दोन चमचे घेतली. मी म्हटलं, "अजून एक घे." ती म्हणाली, "तुम्ही मला सांगूच नका. कमीही नको अन् जास्तही नको."

नांदेडच्या दवाखान्यात मुलगी झाली. अडीच किलोच्या थोडी वर. झाल्या झाल्या रडली नाही. दोन-तीन श्वासांएवढा वेळ काहीच आवाज नाही, आणि माझ्या कानात पुन्हा तो खरखराट. मग रडली. सिस्टर म्हणाली, "भूक लागलीय हिला." मी दारात बसलो आणि मला रडू आवरेना. सासूबाईंनी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. तेवढ्यापुरती त्यांची माफी.

बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन साखर तपासली, ठीक निघाली. दीड महिन्यानं सुजाताची तपासली, तीही ठीक. मॅडमनी सांगितलंय, दरवर्षी तपासायची. मी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. 'कमी' नाही, 'बंद' नाही, फक्त तारीख.

ग्रुप मी सोडला. सोडताना लिहिलं की पोटुशी बाईला हे करू नका, मी केलं आणि ती मरता मरता वाचली. कुणी टाळी वाजवली नाही. दोघांनी मला काढून टाकायला सांगितलं. मी आधीच निघालो होतो.

सांगितलं

सुजाता मुलीला घेऊन शिरूरला आली त्या दिवशी दुपारी मी तिला भाकरीचं सांगितलं. शाळेची भिंत, ठेचा, तीन दिवस, सगळं. मुलगी तिच्या मांडीवर झोपलेली होती. सुजातानं ऐकलं. रागावली नाही, रडली नाही, विचारलंही नाही की का. उठून आत गेली आणि पिठाचा डबा माळ्यावरून काढून ओट्यावर ठेवला. नंतर त्याबद्दल एक अक्षर नाही. एक दिवस नाही, आठवडा नाही, महिना. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब टंचाई ती.

मग एके दिवशी ऑफिसातून मी खुशीत घरी आलो. नव्या जिल्ह्याची हवा पुन्हा जोरात होती. साहेब म्हणाले होते, कोणाला कुठलं टेबल हवं ते आत्ताच कानावर घालून ठेवा. हमीदाखाला ओसरीवर मुलीला मांडीवर घेऊन झबलं मापत होत्या. सुजाता तव्यावर भाकरी टाकत होती.

मी म्हणालो, "जिल्हा झाला तर पुरवठा शाखा मागावी म्हणतो. तुला काय वाटतं?"

सुजातानं भाकरी उलटली. माझ्याकडं वळून पाहिलंही नाही.

"टंचाईतच राहा ओ. पुरवठ्यात तुमचं काम न्हाई. तुम्ही वाटंतच खाता."